बाळंतिणीचं फडकं

आमच्या वॉर्डाच्या आतल्या खोलीत शिरण्याआधी मी खाकरतो. घसा बसलाय म्हणून नाही. आत आया बसलेल्या असतात, ब्लाउजची बटणं उघडी, छातीशी वीत-वीतभर लेकरं बांधलेली, आणि मी हा असा मिशीवाला गडी. म्हणून दाराबाहेर थांबायचं, खाकरायचं, "ब्रदर आलाय, पदर घ्या" म्हणायचं, आणि आतून कुणी "या" म्हणेपर्यंत भिंतीकडं बघत उभं राहायचं. ही पद्धत मला नर्सिंगच्या कॉलेजात कुणी शिकवली नाही, माझी मीच पाडली. आता ती अंगात इतकी मुरलीय की घरी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातानासुद्धा खाकरतो. बायको आतून म्हणते, "या, पदर घेतलाय."

तर मी नर्स आहे. परभणीच्या एका दवाखान्यात, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या लेकरांच्या वॉर्डात. लोकांच्या डोक्यात दवाखान्यातल्या पुरुषासाठी दोनच कप्पे असतात, एक डॉक्टरचा आणि एक वॉर्डबॉयचा. मी पांढऱ्या कपड्यात दिसलो की हात जोडतात आणि हातात लंगोट दिसला की जोडलेले हात सोडतात. एकदा तर एका पाहुण्यानं मला बघून वर बोट केलं आणि म्हणाला, "बरं झालं आलात, ह्यो पंखा लय आवाज करायलाय." मी रागीट माणूस आहे, लपवत नाही. त्याला पंख्याखालून उठवलं आणि बाहेर उन्हात नेऊन बसवलं.

पण घरचा राग कुणावर काढणार? आमचं घर पालमकडं, कोरडवाहू शेती. माझी माय पाण्याच्या टाकीजवळ चारचौघींत बसते, तिथं सगळ्यांच्या लेकरांचा हिशेब होतो. माझी पाळी आली की माय म्हणायची, "परभणीला दवाखान्यात हाय." कुणी खोदून विचारलंच तर, "कंपाउंडर." मी किती वेळा सांगितलं, "माय, मी कंपाउंडर नाही, नर्स आहे. परीक्षा देऊन लागलोय." ती म्हणायची, "नर्स म्हंजे बाईमाणूस रे. मी चारचौघींत कशी सांगू?" आणि ताटात आणखी एक भाकर वाढायची. भाकर तोंडात असताना भांडता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

आता ज्या लेकराचं सांगायचंय ते मागच्या उन्हाळ्यातलं. येलदरीकडची बाई, नवरा धरणावर जाळं टाकणारा. सातव्या महिन्यातच तिला झटके यायला लागले. इथं आणली, ऑपरेशन करून मूल काढलं, आणि ती वरच्या मजल्यावर बेशुद्ध. मूल खाली आमच्याकडं. मुलगी.

ती मुलगी कशी होती ते कसं सांगू? माझ्या तळहातावर तिचं डोकं आणि पाठ मावायची, पाय तेवढे मनगटावर यायचे. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. कानाला अजून नीट घडी पडली नव्हती, दुमडला तर दुमडलेलाच राहायचा, बोटानं सरळ करावा लागायचा. आणि असं असून तिच्या बोटांना नखं होती! पूर्ण, घडवलेली नखं. एवढी वर्षं मी हे काम करतोय, पण त्या नखांपाशी दर वेळी माझी मती गुंग होते. कुणी बसून केली असतील ती, आणि एवढी घाई असताना नखांसाठी वेळ कुठून काढला असेल?

एवढी लहान लेकरं श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात. चांगली झोपलेली असतात आणि मध्येच छाती थांबते, ओठ काळेनिळे पडायला लागतात, मशीन ओरडतं. मग आपण जाऊन तळपायाला टिचकी मारायची, पाठ चोळायची. "अगं, घे की श्वास" म्हणून आठवण करून द्यायची. आणि ती घेतात. बोटाच्या एका टिचकीनं माणूस परत येतो, ह्याची मला कधी सवय झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी आली तिची आजी, बापाची आई. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं कुऱ्हाडीसारखं. काचेतून तिनं मला लंगोट बदलताना बघितलं आणि दारातच उभी राहिली.

"बाई न्हाई का कुणी?"

"आहेत की. त्या दुसऱ्या लेकराजवळ आहेत."

"मग त्यांना येऊ दे. पोरीची जात हाय. गडीमाणूस तिचा लंगोट बदलायलाय, हे काय बरं दिसतंय का?"

माझं डोकं फिरलं. म्हणलं, "आजी, मी बाईमाणूस होईपर्यंत तुमच्या नातीनं ओल्यात पडून राहायचं का?"

मागं आमच्या इन्चार्ज सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. आजी मात्र हसली नाही. फणकाऱ्यानं बाहेर गेली आणि बाकावर बसली, मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा घेऊन. त्या डब्यात डिंकाचे लाडू होते. सून पोटुशी असल्यापासून तिनं डिंक, खारीक, खोबरं जमवून ठेवलं होतं. दिवस पुरे भरलेच नाहीत, पण तिनं रातोरात लाडू वळले आणि सोबत घेऊन आली. वर बांधलेलं पांढरं मऊ फडकंसुद्धा सुनेसाठीच होतं, कान बांधायला. तसलं आणखी एक पिशवीत. आमच्याकडं बाळंतिणीचे कान उघडे ठेवत नाहीत, मग वर ऊन आग ओकत असलं तरी. सिस्टरनं गमतीनं एक लाडू मागितला तर आजीनं डबा पदराखाली घेतला. "बाळंतिणीच्या लाडवाला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो." आणि बाळंतीण तर वर डोळे मिटून पडलेली.

मुलीचं विसरणं काही कमी होईना. दिवसातून कितीदा तरी मशीन ओरडायचं. डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं की हिला आता छातीची ऊब पाहिजे. मशीनच्या उबेत लेकरू गरम राहतं, पण माणसाच्या उघड्या छातीवर त्याला शेजारी दुसरा श्वास चाललेला कळतो, ठोका ऐकू येतो, मग ते विसरत नाही. त्यासाठीच ती आतली खोली. पण तिथं बसायची ती आई. इथं आईच नव्हती.

आजी लगेच उठली. "मी घेते. मी काय कमी लेकरं वाढविली?" आणि बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. अंगात तापही होता. मॅडमनी हात जोडले, "आजी, तुमचा खोकला हिला नाही सोसायचा." मी रोज खोटं खाकरून आत जातो आणि ही बिचारी खऱ्या खोकल्यानं बाहेर राहिली. त्या वेळी मात्र तिची कीव आली. सुनेची आई वर सुनेजवळ. राहिला एकच माणूस.

तो जिन्याखाली बसलेला असायचा. दणकट, काळाभोर गडी, जाळ्याच्या दोऱ्यांनी बोटं चिरलेली. त्याला फक्त औषधं आणायला हाक मारायची, बाकी कुणी काही विचारत नव्हतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं, पोरीला छातीशी घ्यायचंय.

"मी? दादा, मला कसं जमंल? माझ्या अंगाला मासळीचा वास हाय."

"साबण देतो. नखं काढा. जमतं."

"आन् आत सगळ्या बाया. मी तिथं उघडा बसू?"

बाकावरून आजीचा आवाज आला, "गड्याच्या छातीला काय दूध हाय?"

"आजी, दूध नळीनं जातंय," मी म्हणलं. "ऊब पाहिजे. ऊब गड्यालाही असते."

त्याला आंघोळीला पाठवलं आणि मी आतल्या दाराशी जाऊन खाकरलो. पदर झाले, "या" झालं. मी सगळ्या आयांना काय ते सांगितलं. मग वालूरची एक बाई होती, जुळ्याची आई, दोन्ही लेकरं छातीशी बांधून बसलेली, ती म्हणाली, "दादा, तुमची सवय झाली आमाला. पण परका माणूस आत आला तर आमी कुठं जावं? दिवसभर हितंच उघडं बसावं लागतंय." मला चिडायची सवय, पण चिडणार कशावर? ती खरंच बोलत होती. तिथं एवढीच एक खोली होती आणि ती त्यांची होती.

आणि बाहेर मशीन ओरडलं.

मी धावलो. मुलगी निळी पडली होती. टिचकी मारली, काही नाही. पाठ चोळली, काही नाही. सिस्टरनं तोंडावर ऑक्सिजन धरला. मी तळपाय चोळतोय, चोळतोय आणि मोठ्यानं बोलतोय, "ए बाई, घे. घे गं माझे आई, एवढा घे." काचेपलीकडं सगळ्या आया उभ्या झालेल्या मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होत्या. शेवटी तिच्या छातीत एक उचकी आली, मग दुसरी, आणि ओठांवर हळूहळू रंग चढला. सिस्टरनं मला स्टुलावर बसवलं.

उठून परत आतल्या खोलीकडं गेलो तर खाकरायचं भानच राहिलं नाही, कारण दार उघडंच होतं. आत आजी. तोंडाला मास्क, खोकला दाबून डोळ्यांत पाणी आलेलं. तिनं पिशवीतलं धुतलेलं जास्तीचं लुगडं काढलं होतं आणि त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायला लागली होती. दुसरं टोक वालूरच्या बाईनं धरलं होतं, दोन लेकरं छातीवर तशीच. आजीनं मला बघितलं आणि म्हणाली, "बघत काय हुबा राहिलास? उंच हायस, वरची गाठ मार." मी सलाईनच्या स्टँडला गाठ मारली. इन्चार्ज सिस्टर काही तरी बोलायला आल्या होत्या, पण लुगड्याकडं बघून तशाच परत गेल्या. मग आजीला मी बाहेर काढलं आणि ती निमूट गेली.

लुगड्याच्या अलीकडं खुर्ची टाकली. तो आला, अंगाला साबणाचा वास, केस ओले, लाजेनं मान खाली. शर्ट काढून बसला. मी मुलीला टोपी घातली, मोजे घातले, आणि उभी त्याच्या छातीवर ठेवली, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला. वरून कापड गुंडाळलं. त्याच्या छातीवर ती चिमणीएवढी दिसत होती. तो श्वास रोखून बसला.

"अहो, तुम्ही घ्या की श्वास," मी म्हणलं. "तुमचं बघून ती घेणार आहे."

त्यानं सोडला, घेतला. थोड्या वेळानं त्याची छाती संथ वर-खाली व्हायला लागली आणि तिच्याबरोबर ती इवली पाठ. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा वर चढला आणि तिथंच थांबला. मी कितीतरी आयांच्या छातीवर हे बघितलंय. मशीनला जे जमत नाही ते माणसाची कातडी करते, हे पाठ झालंय मला. तरी त्या दिवशी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात गेल्यावर सुद्धा मला असं होत नाही, खरं सांगतो.

तो कुजबुजला, "दादा, ही ऐकायलीय."

"काय?"

"माझ्या छातीत जे वाजतंय ते. कान लावून ऐकायलीय." आणि एवढा मोठा गडी डोळे पुसायलाही हात हलवेना, मुलगी हलेल म्हणून. गालावरून पाणी तसंच वाहत होतं. मीच माझ्या रुमालानं पुसलं.

आजी काचेवर टकटक करत होती. काय झालं म्हणून बाहेर गेलो तर डब्यावरचं फडकं सोडून माझ्या हातात दिलं. "कान बांध त्याचे. वर पंखा फिरायलाय. वारं लागंल."

सिस्टर म्हणाल्या, "आजी, तो बाप आहे."

"बाप असंल. बाळंतपण कोण करायलाय?"

मी जाऊन त्या गड्याचे कान बांधले, हनुवटीखाली गाठ. बाहेर परभणीचं ऊन रटरटतंय आणि आत उघडाबंब गडी कान बांधून बसलाय. आजीनं डबा उघडला आणि एक लाडू पाठवला. ज्या लाडवाला कुणी हात लावायचा नव्हता, तो मी मोडून मोडून त्याच्या तोंडात घातला. लुगड्यापलीकडून वालूरची बाई ओरडली, "ओ येलदरीच्या बाळंतीणबाई, समदे लाडू एकटीच संपवू नका!" सगळी खोली हसली. तो पण हसला, छाती न हलवता.

मग रोजचंच झालं. सकाळी आंघोळ करून यायचा, कान बांधायचा, बसायचा. लुगड्यापलीकडून बायका त्याला मासे कसे निवडायचे ते विचारायच्या आणि हा त्यांना लेकराला ढेकर कसा काढता ते विचारायचा. सगळे दिवस काही गोड नव्हते. एका दुपारी ती त्याच्या छातीवरच थांबली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो, पोहोचेपर्यंत त्यानंच पाठ चोळून तिला आणलं होतं. तोंड पांढरंफटक, पण हात ठाम. म्हणाला, "आली दादा. आली माघारी." त्यानंतर मात्र ती विसरली नाही. वजन धरायला लागली. कान दुमडला तर आपोआप सरळ व्हायला लागला.

आणि आई शुद्धीवर आली.

तिला बसता यायला लागल्यावर मी चाकाच्या खुर्चीवरून खाली आणली. चेहरा सुजलेला, ओठ फाटलेले, पण नजर सारखी पुढं. वॉर्डात शिरताच तिनं विचारलं, "माझी कोणती?" आणि मी मूर्खासारखा सवयीनं तिच्या लेकीच्या जागेकडं बोट केलं. ती जागा रिकामी होती. नुसती धुतलेली चादर. तिनं त्या चादरीकडं बघितलं आणि तिच्या तोंडावरचं सगळं एकदम विझलं. अरे देवा! मी खुर्ची अशी दामटली की विचारू नका, ना खाकरलो ना पदर म्हणलं, सरळ आत घेतली आणि लुगडं बाजूला केलं.

समोर तिचा नवरा. कान बांधलेले, डोळे मिटलेले, छातीवर गुंडाळलेल्या कापडातून एक लाल टोपी बाहेर आलेली. तिनं आधी त्याला ओळखलंच नाही. मग ओळखलं. आणि हसली, टाके दुखले म्हणून पोट धरलं, तरी हसली, आणि हसता हसता अशी रडायला लागली की पलीकडच्या बायाही रडायला लागल्या. तो जागा झाला, तिला बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "हळू. झोपलीय."

आता लेकरू त्याच्या छातीवरून तिच्या छातीवर द्यायचं होतं. सिस्टर पुढं झाल्या. दारातून आजी म्हणाली, "ब्रदरला घिऊ द्या. त्याच्या हातची हाय ती." मला तिनं तोवर ए, अरे, गड्या, सगळं म्हणलं होतं, ब्रदर पहिल्यांदा म्हणली. मी मुलीला उचललं, आईच्या छातीवर ठेवलं. ती थोडी वळवळली, नाक घासलं, तोंड उघडलं आणि शोधायला लागली. तिला कुणी शिकवलं होतं? एवढे दिवस नळीनं दूध गेलेलं, आणि तिला माहीत होतं काय शोधायचंय. मी भिंतीकडं तोंड फिरवलं, काही पदरामुळं आणि काही माझ्या डोळ्यांमुळं.

घरी जायच्या दिवशी सुनेचे कान दुसऱ्या फडक्यानं बांधलेले, लेकरू तिच्या छातीशी. आजीनं मला बाकावर बसायला सांगितलं. लेकाच्या डोक्याचं फडकं सोडलं. "ह्याचं झालं आता," म्हणाली, आणि ओपीडीच्या अख्ख्या रांगेसमोर ते माझ्या कानांवरून घेऊन गाठ मारली. "तुझं रोजचंच हाय. रोज नवं बाळंतपण. जपत जा." शेवटचा लाडू माझ्या हातात दिला आणि मागं न बघता रिक्षात चढली. मी आतल्या खोलीत जाऊन खाकरलो तर पदर घ्यायचं सोडून सगळ्या आया माझ्या डोक्याकडं बघून हसत सुटल्या. मी फडकं काढलं नाही. दिवसभर तसाच वावरलो.

ड्युटी संपल्यावर तसाच पालमच्या एसटीत चढलो. कंडक्टर बाई होती, तिलाही लोक चढता चढता "कंडक्टर कुठंय?" विचारत होते. तिकीट देताना म्हणाली, "कान दुखायलेत का?" म्हणलं, "नाही, बाळंतीण आहे." तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या सीटकडं सरकली.

घराच्या अंगणात माय चारचौघींत बसून तूर पाखडत होती. मला बघून सगळ्यांचे हात थांबले. "कान कशापायी बांधलेस?" मायनं विचारलं. मी चपला काढल्या, ओसरीच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. लंगोट, टिचकी, लुगडं, लाडू, त्या गड्याचं ऐकणं, रिकामी चादर, सगळं. संपल्यावर शेजारची काकू म्हणाली, "म्हंजे तू कंपाउंडर न्हाईस व्हय रे?"

मी मायकडं बघितलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. फडक्याची गाठ चाचपली. "ढिली झालीय," म्हणाली. "बाळंतिणीला अशी चालत नसती." तिनं गाठ सोडली, फडकं झटकलं, कानांवरून नीट ताणून घेतलं आणि हनुवटीखाली पक्की आवळली.

मग काकूकडं वळली. "नर्स हाय त्यो," म्हणाली, आणि तूर पाखडायला बसली.